एल्कसाठी काडतूस निवडताना: गणित उलट्या टोकाने

कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची ठरवली की पहिले काही आठवडे तक्त्यांतच जातात. कुठलं काडतूस नळीतून किती वेगाने सुटतं, कुठल्याची ऊर्जा जास्त, कोण किती यार्डांवर किती इंच खाली येतं, हेच वाचत बसतो आपण. मीही तिथूनच सुरुवात केली आणि तीच चूक ठरली. काडतूस नळीच्या तोंडाशी निवडायचं नसतं, ते जनावराच्या बरगडीपासून उलटं मोजत निवडायचं असतं. ही निवड करायला मला जवळपास आठ महिने लागले. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितो.

आधी कायद्याचं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे हे सगळं अमेरिकेपुरतंच. इथे एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. तेव्हा दुकानात जायच्या आधी आपली कागदपत्रं वकिलाला दाखवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एल्कसाठी कोलोरॅडोची किमान अट अशी: गोळीचा व्यास 6 मिलिमीटर किंवा जास्त, वजन किमान 85 ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं एकक), गोळी आत गेल्यावर फुलणारी, आणि कंपनीच्या आकड्यांनुसार 100 यार्डांवर किमान 1000 फूट-पौंड ऊर्जा. आपण ज्यांचा विचार करणार ती सगळी काडतुसं या चाळणीतून सहज पार होतात. म्हणजे कायदा निवड करून देत नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच घराण्यातलं जनावर. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या घरात जातो. खांद्याचं हाड जाड, बरगड्या रुंद, अंगावर चिखल वाळलेला. फुफ्फुस आणि हृदय मिळून साधारण 14-15 इंचांचा भाग, आणि गोळी तिथेच पोचली पाहिजे. मी सरावाला 10 इंचांचीच लोखंडी प्लेट धरली, कारण जनावर क्वचितच पूर्ण आडवं उभं राहतं.

आता मूळ मुद्दा, गोळी पोचते तेव्हाच्या वेगाचा. मोठ्या जनावरासाठीची गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उघडते आणि रुंद जखम करते, म्हणून जनावर लवकर पडतं. पण ती उघडायला ठरावीक वेग लागतो. त्याखाली ती पेन्सिलीसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर चालत जाऊन दुसऱ्या दरीत मरतं. नोस्लर कंपनी आपल्या अ‍ॅक्युबाँडसाठी किमान 1800 फूट प्रति सेकंद सांगते, अ‍ॅक्युबाँड लाँग रेंजसाठी 1300. हॉर्नडीच्या ईएलडी-एक्सला 1600 च्या आसपास पुरतात. निव्वळ तांब्याच्या गोळ्या टणक असतात, त्यांना मी 2000 ची मर्यादा धरतो. एल्कसाठी 1500 फूट-पौंड लागतात असंही सांगतात. तो अंदाजी नियम आहे, पण दुसरी तपासणी म्हणून ठेवायला हरकत नाही.

मग अंतर. 500 यार्डांवर मारायचं हे मी मनाशी धरून बसलो होतो, ते कशाच्या आधारावर? रेंजवर बेंचला टेकून, वाळूच्या पिशव्या लावून मी एक मिनिटाच्या कोनात (अंशाचा साठावा भाग) तीन गोळ्या बसवत होतो. 500 यार्डांवर एक मिनिट म्हणजे सव्वापाच इंच. डोंगरात बेंच नसतो. पाठीवरची सॅक पुढे टाकून, उतारावर बसून, धाप लागलेली असताना तोच गट तीन मिनिटांचा झाला, म्हणजे 500 यार्डांवर पंधरा-सोळा इंच. हे एल्कच्या संपूर्ण मर्मस्थानाएवढं झालं आणि त्यात वारा अजून धरलेला नाही.

म्हणून तीन वेगवेगळ्या काडतुसांच्या तीन रायफली आणून एकच चाचणी केली. 400 यार्डांवर 10 इंची प्लेट, सॅकवरून किंवा ट्रायपॉडवरून, प्रत्येकीच्या दहा गोळ्या, दोन गोळ्यांमध्ये पन्नास पावलं पळून यायचं. 6.5 क्रीडमूरने नऊ लागल्या. 7 मिमी पीआरसीने आठ. .300 विनचेस्टर मॅग्नमने पाच.

तक्त्यात .300 सगळ्यांत भारी दिसत होती. चुकल्या कशा, हे शोधायला सोबतीला सांगितलं की मॅगझिन तू भर आणि मधे कुठेतरी एक खोटं काडतूस घाल, मला दिसू देऊ नकोस. चौथ्यांदा चाप ओढला तर नुसताच ‘टिक’ आवाज झाला आणि नळीचं तोंड स्पष्टपणे खाली झुकलं. धक्का येणार म्हणून खांदा आधीच पुढे रेटत होता. 8 पौंडांच्या रायफलीत .300 मॅग्नमचा धक्का 25 ते 30 फूट-पौंडांचा असतो, 6.5 क्रीडमूरचा त्याच्या निम्म्याहून कमी. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला फेकणारी जोडणी) लावला की धक्का उतरतो हे खरं, पण त्याचा आवाज कानठळ्या बसवतो. शिकारीत कानावर संरक्षण घालायला वेळ मिळेलच असं नाही, आणि शेजारी बसलेल्याचे कान तर नक्कीच जातात. काडतूस ब्रेकशिवाय सोसत नसेल तर ते आपलं नाही, असं मी धरलं.

धक्क्याचा दुसरा तोटा कमी बोलला जातो. मोठ्या धक्क्याने दुर्बिणीतलं चित्र उडून जातं आणि गोळी कुठे लागली ते दिसतच नाही. जनावर मान खाली घालून चालू लागलं तर दुसरी गोळी कुठे द्यायची? क्रीडमूरमध्ये प्लेटवरचा ठिपका मला स्वतःला दिसत होता. 7 मिमी पीआरसीमध्ये, दुर्बिणीसकट साडेनऊ पौंडांच्या रायफलीवर, बहुतेक वेळा.

मग क्रीडमूरच का नाही? प्रश्न रास्त आहे. 143 ग्रेनची ईएलडी-एक्स 2700 ने सुटते आणि समुद्रसपाटीच्या हवेत 400 यार्डांच्या जरा अलीकडेच 1500 फूट-पौंडांखाली जाते. कोलोरॅडोत एल्क 9-10 हजार फुटांवर असतात, तिथे हवा समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश इतकीच दाट. त्यामुळे 400 यार्डांवरही तिच्यात सुमारे 1650 उरतात. ज्याची मर्यादा 350 यार्ड आहे त्याने बिनदिक्कत क्रीडमूर घ्यावी, किंवा घरात .270 किंवा .30-06 पडून असेल तर तीच वापरावी. नवीन रायफलीचे पैसे सरावाच्या काडतुसांवर घालावेत. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण नव्या नावाच्या मोहात लोक हाताला बसलेली रायफल विकून टाकतात.

मी 7 मिमीकडे वळलो त्याचं कारण गोळी. लांबवर मारायच्या ज्या मऊ, लांब नाकाच्या गोळ्या आहेत, त्यांची खरी अडचण लांब नाही, जवळ आहे. दाट झाडीत एल्क 60 यार्डांवर समोर येतो. 2850 च्या वेगाने मऊ गोळी खांद्याच्या हाडावर आपटली की फुटून विखुरते. फुफ्फुसापर्यंत तिचे तुकडेच पोचतात आणि खांद्याचं दहा-बारा पौंड मांस रक्ताळून फेकावं लागतं. उलट माझी मर्यादा 450 यार्डांवर थांबणार असेल तर 1300 च्या वेगाला उघडणारी गोळी मला हवीच कशाला? मर्यादा जितकी जवळ आणाल तितकी टणक गोळी वापरता येते, आणि टणक गोळी 60 यार्डांवरही नीट वागते. हे लक्षात आलं आणि पुढची निवड सोपी झाली: हॉर्नडीची 160 ग्रेनची तांब्याची सीएक्स गोळी. ती शिशाचे कण मांसात सोडत नाही. मागे उरलेल्या आतड्यांवर गरुड येतात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते, तीही टळते.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा फेरा, घट्ट लागतो. इथेच 1962 च्या 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि 2022 च्या 7 मिमी पीआरसी यांच्यातला फरक कळतो. पुंगळीतल्या दारूत फार अंतर नाही. पण जुन्या रायफलींत पीळ साधारण सव्वानऊ-साडेनऊ इंचांना एक फेरा असतो, पीआरसीत आठ इंचांना एक. शिवाय पीआरसीचं काडतूस 3.34 इंच लांबीत, म्हणजे .30-06 च्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये (रायफलीच्या काडतूस भरणाऱ्या भागात), लांब गोळीसकट बसतं. .300 पीआरसीला 3.70 इंचांचं मॅगझिन लागतं, मग रायफल जड आणि महाग होते. जुनी 7 मिमी मॅग्नम असेल तर टाकू नका. 150-160 ग्रेनच्या साध्या गोळ्या ती आजही उत्तम मारते, फक्त लांब गोळी घ्यायच्या आधी नळीवरचा पीळ वाचा.

एक धोका ठळकपणे सांगतो. दोन्ही डब्यांवर ‘7 मिमी’ छापलेलं असतं. रेंजवर एका टेबलावर दोन्ही रायफली असल्या की काडतुसांची अदलाबदल होऊ शकते, आणि चुकीचं काडतूस चुकीच्या चेंबरमध्ये उडालं तर डोळा जातो. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, आणि पुंगळीच्या बुडावरचे शिक्के वाचूनच भरायचं.

खरेदी करताना एकाच लॉट नंबरचे पाच डबे घेतले, 100 काडतुसं. लॉट बदलला की वेग बदलतो आणि खालचे सगळे आकडे निकामी होतात. वाटणी अशी: झीरो करायला (दुर्बीण ठरलेल्या अंतरावर गोळीशी जुळवायला) 20, वेग मोजायला 10, लांबच्या अंतरांवर पडताळायला 30, डोंगरातल्या बैठकीत 30 आणि शिकारीला 10. डब्यावर 3000 फूट प्रति सेकंद छापलं होतं, पण ते 24 इंची नळीचं. माझ्या 22 इंची नळीतून क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) सरासरी 2904 भरली. जवळपास शंभराचा हा फरक न मोजता डब्यावरचा आकडा गोळीचा मार्ग काढणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला तर 450 यार्डांवर गोळी दोन-तीन इंच खाली लागते.

झीरो 200 यार्डांवर. त्यात मी गटाकडे फारसं पाहिलं नाही, पाहिली ती पहिली गोळी. शिकारीत नळी थंडच असते. दहा वेगवेगळ्या सकाळी एकेक गोळी, एकाच कागदावर. बारीक नळीत तिसऱ्या-चौथ्या गोळीला गरम झाल्यामुळे निशाण सरकतं, आणि त्या सरकलेल्या गटावर दुर्बीण फिरवली की थंड नळीची गोळी चुकते. वेगळ्या धातूची गोळी मारून झाली असेल तर आधी नळीतलं तांबं साफ करायचं आणि चार-पाच गोळ्या मारून मगच झीरो तपासायचा.

कुठल्या यार्डांना दुर्बीण किती मिनिटं वर फिरवायची याची, 9000 फुटांवरच्या हवेसाठी निघालेली पट्टी दस्त्यावर चिकटवली आहे: 300 ला 2 मिनिटं, 350 ला 3, 400 ला सव्वाचार, 450 ला साडेपाच. त्यापुढे पट्टी कोरी. डेन्व्हरच्या हवेत 400 आणि 450 वर प्रत्यक्ष मारून हे आकडे त्या हवेच्या हिशोबाशी ताडून पाहिले. नुसत्या अ‍ॅपवर विसंबलो नाही.

वारा हा सगळ्यांत मोठा शत्रू. 400 यार्डांवर ताशी 10 मैलांचा आडवा वारा ही गोळी सहा-सात इंच ढकलतो. आपल्यापाशी गवत स्थिर आणि मधल्या घळीतून वारा वर चढतोय, हे डोंगरात नेहमीचं. घळीतलं गवत, पानं, धुकं दुर्बिणीतून दोन मिनिटं पाहायचं, आणि वाऱ्याचा अंदाज पाच मैलांच्या आत बसत नसेल तर 300 च्या पुढे मारायचं नाही. उतारावर अंतर आडवं धरायचं: 25 अंशांच्या कोनात 400 यार्ड म्हणजे गोळीला 362 च. कोनाचा हिशोब करणारा रेंजफाइंडर इथे पैसे वसूल करतो. आणि 450 यार्डांवर गोळीला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारा एल्क एक पाऊल टाकतो आणि फुफ्फुसाची जागा पोटाने घेतलेली असते. म्हणून चालत्या जनावरावर या अंतरावर चाप नाही.

ऑक्टोबरात तळावर पोचल्यावर, रायफल गाडीत हादरे खात आलेली असते म्हणून, परवानगी असलेल्या जागी 200 यार्डांवर एक थंड गोळी. ती निशाणापासून दोन इंचांच्या आत असेल तर दुर्बिणीला हात लावायचा नाही. उरलेल्या नऊपैकी तीन मॅगझिनमध्ये, चेंबर रिकामं, सहा पट्ट्यात, टोकं खाली करून.