‘व्हेरी लेस’ आणि ‘लेसर दॅन’ का चुकतं

‘वी हॅव व्हेरी लेस टाइम.’ आपल्याकडे हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. आपला ‘कमी’ दोन्हीकडे चालतो: ‘वेळ कमी आहे’ यात तुलना नाही, ‘कालच्यापेक्षा कमी वेळ’ यात आहे. इंग्रजीत या दोन कामांना वेगळे शब्द आहेत. नुसतं कमी असेल तर ‘लिटल’ किंवा ‘फ्यू’, कशाच्या तरी तुलनेत कमी असेल तर ‘लेस’ किंवा ‘फ्युअर’. ‘लेस’मध्ये तुलना आधीच असते, म्हणून ‘व्हेरी बेटर’ जसं चालत नाही तसंच ‘व्हेरी लेस’ही चालत नाही. म्हणायचं ते ‘व्हेरी लिटल टाइम’, ‘व्हेरी फ्यू पीपल’. तुलनेतला फरक मोठा असेल तर ‘मच लेस टाइम दॅन लास्ट इयर’, आणि माणसं असतील तर ‘फार फ्युअर पीपल’.

दुसरी चूक ‘लेसर दॅन’. ‘लेसर’ म्हणजे दुय्यम, कमी महत्त्वाचं. तो नामाच्या आधी बसतो, जसं ‘अ लेसर ऑफेन्स’, आणि त्याच्यामागे ‘दॅन’ येत नाही. ‘धिस फोन कॉस्ट्स लेस दॅन दॅट वन’ बरोबर. पण कर्ता ‘प्राइस’ असेल तर ‘लेस’ही खटकतो. किंमत, तापमान, वेग, पगार यांना इंग्रजीत ‘लो’ आणि ‘हाय’ लागतं, म्हणून ‘द प्राइस इज लोअर’.

मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हे शाळेत शिकवतात: ‘फ्युअर मार्क्स’, ‘लेस शुगर’. मात्र अंतर, पैसे आणि कालावधी आकड्यात सांगितले तरी इंग्रजी त्यांना एकच रक्कम किंवा एकच माप धरते. त्यामुळे ‘लेस दॅन १० किलोमीटर्स’, ‘लेस दॅन ५०० रुपीज’, ‘लेस दॅन टू वीक्स’ हेच स्वाभाविक. इथे ‘फ्युअर’ घालून वाक्य जास्त शुद्ध होत नाही, उलट अवघडतं. बोलताना इंग्रज लोकही मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ म्हणतात, पण परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात ‘फ्युअर’च लिहावं.

विशेषणांचं पाहू. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. ‘साल्हेर इज लेस हाय दॅन कळसूबाई’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. छोट्या विशेषणांना ‘लेस’ सहसा लावत नाहीत. त्याऐवजी उलट अर्थाचा शब्द घ्यावा, ‘लोअर दॅन कळसूबाई’, किंवा ‘नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई’ म्हणावं. ही दुसरी रचना आपल्याला सोपी जायला हवी, कारण ‘साल्हेर कळसूबाईइतका उंच नाही’ हे आपण रोजच्या मराठीत म्हणतोच. लांब विशेषणांना मात्र ‘लेस’ छान बसतो: ‘लेस एक्स्पेन्सिव्ह’, ‘लेस कम्फर्टेबल’. ‘लेस चीपर’ कधीच नाही, तुलना दोनदा होते.

फरक किती आहे हेही ‘ॲज… ॲज’च्या रचनेत सांगता येतं. थोडाच फरक असेल तर ‘नॉट क्वाइट ॲज हाय ॲज’, फार असेल तर ‘नॉट निअरली ॲज हाय ॲज’, निम्मं असेल तर ‘हाफ ॲज हाय ॲज’.

एका जागी जपून. ‘नॉट मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन’ म्हणजे स्वस्त असं नाही, किंमत सारखीही असू शकते. नक्की कमीच सांगायचं असेल तर ‘नॉट ॲज एक्स्पेन्सिव्ह ॲज’ वापरा. तसंच ‘नॉट लेस दॅन ५०’ म्हणजे किमान ५० हवेत, आणि ‘नो लेस दॅन ५०’ म्हणजे चक्क ५०! निविदेत किंवा करारात पहिलंच लिहायचं.