वीस मिनिटांत गरम होणारं वैभव

आमच्या फ्लाइट किचनमध्ये, म्हणजे विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या जमिनीवरच्या स्वयंपाकघरात, नवा मेन्यू विमानात चढण्याआधी त्याचं 'प्रेझेंटेशन' होतं. एअरलाइनची माणसं येतात, दोन-दोन चमचे खातात, फोटो काढतात आणि मग त्यांचा परचेसवाला कोथिंबिरीच्या काडीचाही हिशेब विचारतो. गेल्या पावसाळ्यातलं एक प्रेझेंटेशन मात्र मला अजून पचलेलं नाही.

एका एअरलाइनला, नाव नको, 'सत्तरच्या दशकातलं वैभव' परत आणायचं होतं. कंपनीचा जन्मच त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, पण उसनं वैभव घ्यायला कोण अडवतंय? मार्केटिंगच्या मुलीने जुन्या फर्स्ट क्लासचं एक मेन्यूकार्ड पैदा केलं होतं. त्यात कॅव्हिअर होतं, चीजची ट्रॉली होती आणि प्रवाशाच्या पुढ्यात कापून वाढायचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, होता. हे सगळं मुंबई-दिल्लीच्या बिझनेस क्लासमध्ये हवं होतं. दोन तासांची फ्लाइट, त्यात पट्टे बांधून बसण्याचा वेळ वजा करा.

लोकांना वाटतं, विमानात स्वयंपाक होतो. होत नाही, तिथे अन्न फक्त तापतं. आम्ही मांस आतून पंचाहत्तर अंशांपर्यंत शिजवतो, लगेच ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे अन्न झटपट गार करणाऱ्या कपाटात, ढकलतो आणि दीड तासात पाच अंशांखाली आणतो. मग थंडगार खोलीत कानटोप्या घातलेल्या बायका वजन करून कॅसरोल, म्हणजे एकेका प्रवाशाचे झाकणाचे डबे, भरतात, झाकणावर त्या दिवसाच्या रंगाचा स्टिकर लागतो, विमानाच्या दारापर्यंत उचलली जाणारी हायलिफ्ट गाडी ट्रॉल्या घेऊन निघते. वर क्रू ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं गरम करते. ओव्हनमधली कोरडी गरम हवा भाताचं पाणी शोषते, म्हणून भात जरा ओलसर ठेवायचा आणि ग्रेव्ही हात सोडून घालायची. रोस्टचा काप ह्या सगळ्यातून गेला की त्याच्या कडा पापडासारख्या वळतात. हे मी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं. "शेफ, थोडं आउट ऑफ द बॉक्स विचार करा ना," हे उत्तर मिळालं.

प्रेझेंटेशनला त्यांनी खास पाहुणे आणले होते, एअर इंडियातून निवृत्त झालेले एक पर्सर, म्हणजे केबिन क्रूचे प्रमुख. ऐंशीच्या घरातले, शिवाजी पार्कचे, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी दोन शब्द बोलायचे, बाजूला फोटो, एवढंच त्यांचं काम ठरलेलं. पडद्यावर स्लाइड आली: बोइंग ७४७ विमानाचा वरचा मजला, गोल जिना, लाउंज, साडीतल्या होस्टेस. खाली सोनेरी अक्षरांत 'सम्राट अशोक, १९७१'.

पर्सर शांतपणे म्हणाले, "हे विमान कुठे आहे ठाऊक आहे ना? वांद्र्याच्या समुद्रात गेलं. १ जानेवारी १९७८. दोनशे तेरा माणसं होती."

मुलीला खरंच माहीत नव्हतं. तिने घाईघाईने पुढची स्लाइड लावली, ती चित्रकार सल्वादोर दालीने एअर इंडियासाठी केलेल्या ॲशट्रेची होती. त्यावर कोणी काही बोललं नाही.

मग ताटं आली. सगळे चमचे उचलणार तेवढ्यात पर्सर म्हणाले, "शेफ, हे नको. एक कॅसरोल चिलरमधून काढा, वीस मिनिटं गॅलीच्या, म्हणजे विमानातल्यासारख्या, ओव्हनमध्ये घाला, मग दहा मिनिटं ट्रॉलीवर झाकून ठेवा. पॅसेंजरला मिळतं ते खाऊया." मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत कुठल्याही एअरलाइनच्या माणसाला हे सुचलेलं मी पाहिलं नव्हतं. अर्धा तास सगळे घड्याळं बघत बसले. रोस्ट आला. परचेसवाल्याने एक घास चावला, चावला आणि पाणी प्यायला.

"तेव्हाही कोरडाच व्हायचा," पर्सर मला म्हणाले. "पण कापता कापता आम्ही प्रत्येकाशी गप्पा मारायचो, तेवढा वेळ असायचा. आणि मागे इकॉनॉमीत तेव्हाही ट्रेच जायचा, बरं का."

मी हट्टाने एक जास्तीची वाटी ठेवली होती, चिंच-गुळाची आमटी. कारण सरळ आहे. वर केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरात असावा तेवढा, हवा कमालीची कोरडी, त्यात इंजिनाची घरघर. मीठ आणि गोड जिभेला कमी लागतं, आंबट आणि मसाला टिकतो. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी विमानाच्या सांगाड्यात बसवून लोकांना खायला घातलं, तेव्हा हेच दिसलं. जमिनीवर नावडता टोमॅटोचा रस कमी दाबात लोकांना आवडला. पर्सरांनी आमटीची वाटी संपवली, पुन्हा मागितली. मार्केटिंगचं म्हणणं, आमटी फोटोत 'प्रीमियम' दिसत नाही.

शेवटी मंजूर काय झालं? जाड कागदाचं, सोनेरी कडांचं मेन्यूकार्ड. आत नेहमीचं पनीर मखनी आणि नेहमीचं चिकन, फक्त नावं लांबलचक. गरम पाव टोपलीतून हाताने वाढा, ही पर्सरांची सूचना 'सर्व्हिस टाइम' वाढतो म्हणून बाद. तिला खर्च जवळपास शून्य होता.

आमची क्वालिटीवाली मैत्रीण म्हणते, म्हातारबुवांनी अकारण विरस केला, त्या मुलीची बिचारीची नोकरीची पहिलीच मोठी मीटिंग होती. असेलही. पण प्लेटिंगचे फोटो पाहून मेन्यू पास करणाऱ्यांना एकदा तरी ते ओव्हनमधलं खायला लागलं, ह्याचा आनंद मी लपवणार नाही. पुढची मेन्यू सायकल आली की आमटी पुन्हा मांडणार आहे, ह्या वेळी 'टॅमरिंड लेंटिल ब्रॉथ' म्हणून. पर्सरांना बोलावणार का, असं विचारलं तर एअरलाइनकडून अजून उत्तर नाही.