राजाचं लग्न आणि आमची तंबाखू

राजाने पुन्हा लग्न केलं. ही कितवी राणी, ते मोजणं मी सोडून दिलंय. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की या मंगल प्रसंगाप्रीत्यर्थ महाराजांनी माझ्या वसाहतींवरचा कर दोन टक्क्यांनी वाढवलाय. फर्मानाखाली दोन पर्याय आहेत: मुकाट्याने महाराजांच्या करंगळीतल्या अंगठीचं चुंबन घ्या, नाहीतर गोदामातले सिगार समुद्रात फेका. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सकाळी ऑफिस आहे, आणि मी कपाळाला हात लावून विचार करतोय.

खेळाचं नाव ‘कॉलनायझेशन’. मायक्रोप्रोज कंपनीने १९९४ साली डॉस या जुन्या कॉम्प्युटर-प्रणालीसाठी काढलेला. डब्यावर नाव सिड मायरचं, पण रचना मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्सची. घराला आजोबांचं नाव असावं आणि भिंती काकाने उभ्या केलेल्या असाव्यात, तसं. १४९२ साल. एक जहाज, त्यात एक अवजारंवाला, एक बंदूकवाला, आणि समोर काळा पडदा. इंग्लंड, फ्रान्स, स्पेन, हॉलंड यांपैकी एका देशाचे तुम्ही. एक चाल म्हणजे एक वर्ष. १६०० नंतर वर्षात दोन चाली, वसंत आणि शरद. कुठेही घाई नाही. तुम्ही चाल दिल्याशिवाय जग हलत नाही. मधेच उठून आमटीला फोडणी घालून आलात, तरी अमेरिका होती तिथेच असते.

माझी आणि या खेळाची गाठ पडली कुडाळला, मामाकडे, १९९६ च्या मे महिन्यात. मामेभावाकडे ४८६ कॉम्प्युटर होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे माऊस त्याच्या हातात आणि माझ्याकडे कारकुनी. दोनशे पानी वहीत मी युरोपातले भाव लिहून ठेवायचो: साखर, तंबाखू, कापूस, कातडी, चांदी. जो माल जास्त विकाल त्याचा भाव पडतो, हे अर्थशास्त्र मी बाजारात नाही, त्या वहीत शिकलो. मामी जेवायला हाक मारायची आणि दादा म्हणायचा, “एवढी गाडी पोचू दे गे, आलोच.” खेळातली ती मालाची गाडी पोचायची, पण तोवर जहाज बंदराला लागायला आलेलं असायचं. मग वीज जायची आणि आम्ही जेवायला बसायचो. शेवटचा सेव्ह कधी केला होता यावर आमटी-भातावर भांडण.

तीस वर्षं होत आली तरी हा खेळ सुटत नाही. त्याचं कारण मला उशिरा कळलं. सिड मायरच्याच घराण्यातल्या दुसऱ्या खेळांत तुम्ही सम्राट असता. इथे तुम्ही एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ असता. वस्तीच्या भोवती आठ चौकोन, त्यातल्या प्रत्येकावर एक माणूस. कोण मक्यात, कोण तंबाखूत, कोण लाकडं तोडायला. घरात एक सुतार, एक विणकर, एक सिगार वळणारा. प्रत्येक तोंडाला दर चालीला दोन माप धान्य लागतं. दोनशे माप शिल्लक पडलं की नवा माणूस उभा राहतो. बाकी मालाला गोदाम शंभराचं, त्यावरचं वाया. लढाया आहेत, नाही असं नाही, पण माझा सगळा जीव या कोठीच्या खोलीत अडकलेला.

आणि माणसं. युरोपच्या धक्क्यावर जे येऊन उभे राहतात त्यांत कसबी माणूस क्वचितच. बाकी गरीब वेठबिगार, नाहीतर भुरटे चोर. कसबी सुतार सहा मापं काम करतो, साधा माणूस तीन, वेठबिगार दोन आणि चोर एक. असा एक चोर माझ्याकडे आला. मी त्याला सुतारशाळेत एकटाच ठेवला, तर धक्का बांधायला त्याने इतकी वर्षं घेतली की आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवली. मग शाळा बांधली. इथे खरी मेख आहे: शिकवायला कसबी माणूसच लागतो, म्हणजे सहा मापं काम करणारा हात कामावरून काढून मास्तर करायचा. पोटाला चिमटा बसतो. पण काही चालींनी चोराचा वेठबिगार होतो, मग मोकळा माणूस, आणि एक दिवस चौकट उघडते: तो आता सुतार झालाय. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं चित्र बदलतं, बाकी काही नाही. मला मात्र दरवेळी पेढे वाटावेसे वाटतात.

वस्त्यांना नावं देता येतात. खेळाने सुचवलेल्या जेम्सटाउनच्या जागी आम्ही CHIPLUN टंकायचो... म्हणजे चिपळूण, इंग्रजी कळफलकावर. पुढे सावंतवाडी, वेंगुर्ले, बांदा. बांद्याची तंबाखू बैलगाडीने चिपळूणला, तिथे सिगार, तिथून लंडन. (खेळात गाडीला घोडे असतील. आमच्या मनात बैलच होते.)

त्या वयात एक गोष्ट लक्षात आली नाही. नकाशावर आठ मूळ जमाती आहेत, त्यांत एक तुपी, ब्राझीलकडचे. मामाच्या परसात ज्या झाडाखाली बसून आम्ही बोंडं चोखायचो, त्या काजूचं नाव तुपींच्याच ‘आकाजू’वरून पोर्तुगिजांनी उचललं आणि झाडाबरोबर आमच्याकडे आणलं. अननसही त्याच भाषेतून आला. म्हणजे पडद्यावर मी ज्यांच्या गावात पाहुणा म्हणून जायचो, त्यांचा शब्द खिडकीबाहेर टांगलेला होता. गंमत अशी की ज्यांनी तो आणला ते पोर्तुगीजच मूळ खेळात नाहीत. हौशी मंडळींनी ‘फ्रीकॉल’ नावाची मोफत आवृत्ती २००३ पासून घडवायला घेतली, तिचा १.० आकडा उजाडला २०२३ मध्ये. तीत पोर्तुगीज घेता येतात. वीस वर्षं एका जुन्या खेळाची डागडुजी करत बसणारी ही माणसं मला आपली वाटतात.

जमातींकडून शिकता येतं, हे खेळाचं मोठं मन. साधा माणूस त्यांच्या गावात पाठवला की तो तंबाखूचा किंवा कापसाचा जाणकार होऊन परततो. चोराला मात्र ते दारातून परत पाठवतात. पण त्याच गावावर तोफ लावून सोनंही लुटता येतं, आणि स्पेन घेतलंत तर त्या कामाला खास सवलत. मी लुटलंय. दुपारी काजूची बोंडं, संध्याकाळी इन्का.

आणि जे दाखवलेलंच नाही ते वेगळंच. ऊस आहे, कापूस आहे, रम आहे, आणि गुलाम एकही नाही. व्हर्जिनियात १६१९ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं उतरवली गेली. खेळात त्या साली माझा जाणकार शेतकरी हसतमुखाने तंबाखू लावत असतो. तुमच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या सभेत, पंचवीस थोर व्यक्ती एकेक करून दाखल होतात, त्यांत स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासासही आहे. तो आला की धर्मांतरित मूळ रहिवासी एका फटक्यात मोकळे नागरिक होतात. खरा लास कासास त्यांच्यासाठी जन्मभर भांडला, पण तरुणपणी त्यांच्याऐवजी आफ्रिकी गुलाम आणा असं सुचवून बसला होता, आणि त्याचा पुढे त्याला पश्चात्ताप झाला. त्याच काँग्रेसमध्ये मूळ रहिवाशांना जिंकणं न्याय्य म्हणणारा सेपुलवेदाही आहे. १५५० मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला याच प्रश्नावर दोघांचा वाद झडला होता. माझ्याकडे ते एका बाकावर बसतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. निदान मला तसं वाटतं.

हे सगळं कळूनही मी खेळतो. ज्यांच्या किनाऱ्याला अशी जहाजं लागली त्यांचा मी वंशज, आणि हौसेने जहाजात बसतो. यावर बायकोने एकदा छेडलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त गाडी पोचायची होती.

शेवटाला खेळ पालटतो. इतका वेळ ज्याच्या बाजारावर जगलो त्या राजाशीच फारकत. नगरभवनात मुत्सद्दी बसवून स्वातंत्र्याच्या घंटा घडवायच्या. निम्मी रयत बंडाच्या बाजूची झाली की जाहीरनामा काढता येतो. राजाही स्वस्थ बसत नाही, फौजेत भर घालतो आणि वर तसं कळवतोही. त्याची पलटण वस्तीवर चालून येते तेव्हा भारी पडते, पण उघड्यावर सापडली तर झाडीतून हल्ला करणाऱ्याचं पारडं जड. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा दादा खुर्चीवरून उठून ओरडला होता, “अरे, हा तर गनिमी कावा!” मामी पोळी लाटता लाटता धावत आली होती.

तर आता अंगठी की समुद्र? १७७३ मध्ये बॉस्टनकरांनी ३४२ पेट्या चहा पाण्यात टाकला, तो अभिमान खरा. पण इथे जो माल फेकाल त्यावर युरोपात बहिष्कार पडतो. थकबाकी भरेपर्यंत दाणाही विकता येत नाही. आणि चिपळूणचं पोट सिगारवर. तोफा अजून दोनच. मी अंगठीवर क्लिक केलं.

“अजून जागाच?” आतून आवाज आला. “काय चाललंय?”

“लग्न होतं.”

“या वेळी? कुणाचं?”

“राजाचं.”

थोडा वेळ शांतता. मग: “आहेर काय केलास?”

“दोन टक्के.”