भिंत धुवायची, पण हायड्रेंजिया जाळून नाही

उत्तरेच्या भिंतीवर परत हिरवं चढलं होतं. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास ज्यांची घरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, ऊन न लागणारी भिंत, समोर शेजाऱ्यांचं मोठं मेपल आणि खाली झुडपं, म्हणजे एप्रिल संपेस्तोवर खालच्या चार-पाच फुटांवर शेवाळाचा थर येतोच. घरं नीट ठेवा म्हणून तगादा लावणाऱ्या वस्तीच्या असोसिएशनचं पत्र येण्याआधी धुऊन टाकू असं ठरवलं आणि या वेळी मी पूर्ण शनिवार त्याला दिला. हे सविस्तर लिहितेय कारण इथे नवीन घर घेतलेल्या तीन मैत्रिणींनी एकाच महिन्यात मला विचारलं की प्रेशर वॉशर, म्हणजे जोराने पाणी मारणारं मशीन, भाड्याने आणावा का, आणि तिघींच्याही भिंतीला लागून फुलांचे वाफे आहेत. त्या वाफ्यांबद्दल मात्र एकीनेही विचारलं नाही!

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. इथल्या बऱ्याच घरांच्या भिंती बाहेरून विटा-सिमेंटच्या नसतात, लाकडी सांगाड्यावर विनाइलच्या म्हणजे पीव्हीसीच्या लांब आडव्या पट्ट्या एकीवर एक चढवून लावलेल्या असतात, त्याला साइडिंग म्हणतात. या पट्ट्या घट्ट ठोकलेल्या नसतात. उन्हात पीव्हीसी फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून खिळ्याची भोकं लांबट असतात आणि पट्टी त्यावर नुसती टांगल्यासारखी असते, हाताने थोडी इकडेतिकडे सरकते सुद्धा. पावसाचं पाणी वरून खाली ओघळतं तोवर सगळं ठीक, पण खालून वर जोरात पाणी मारलं की ते पट्टीच्या मागे शिरतं आणि आत लाकूड, इन्सुलेशन सगळं ओलं होतं. पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक बारीक भोकं दिसतात ती आत गेलेलं पाणी बाहेर पडायला, त्यातून आत पाणी मारायला नाहीत.

हे मला आमच्या घराच्या पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. दारात आलेल्या जाहिरातीवरून एका माणसाला बोलावलं होतं. जूनमधली भर दुपार, कडक ऊन, त्याने खाली उभं राहून वरच्या मजल्याकडे तिरका फवारा मारला, त्याआधी ब्लीचचं पाणी मारलं होतं आणि ते सगळं ओघळून खालच्या वाफ्यात. मी विचारलं झाडांचं काय, तर म्हणाला काही होत नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्टाची पानं कडेने तपकिरी झाली आणि हायड्रेंजियाच्या फुलझुडपाची तर अर्धी पानं भाजल्यासारखी गळून पडली, कळ्यांसकट. आमची ती मोठ्या पानांची जुनी जात, पुढच्या वर्षीची फुलं आदल्या उन्हाळ्यातल्या लाकडावर धरते, त्यामुळे पुढच्या वर्षीही एक फूल नाही. ते झाड मी घरात राहायला आल्याच्या आठवड्यात लावलं होतं, मला खूप लागलं ते.

तर ब्लीच नेमकं काय करतं ते नंतर नीट वाचून काढलं. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाटलीत साधारण सहा ते आठ टक्के. शेवाळ आणि बुरशी ते मारतं म्हणूनच वापरतात, पण पानाची पेशी आणि शेवाळाची पेशी यात त्याला फरक कळत नाही, जे समोर येईल ते जाळतं. मातीत पडल्यावर ते फार दिवस टिकत नाही, सेंद्रिय मातीत लवकर मोडतं, पण मोडून मागे मीठ उरतं आणि मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं कठीण जातं. आणि इथे खरी गोम वळचणीची आहे. छपराच्या खालची भिंतीलगतची दीड-दोन फूट माती पाऊस पडून गेला तरी कोरडीच राहते, जाऊन बोट खुपसून बघा. कोरडी माती पहिलं येईल ते पाणी स्पंजसारखी पिते. म्हणजे भिंत धुवायला सुरुवात केली आणि पहिलं पाणी ब्लीचचं असलं तर तेच सरळ मुळाशी जाणार. आधीच चिंब भिजलेल्या मातीत ते मावत नाही, पातळ होऊन वाहून जातं. पानांचंही तसंच, आधी ओलं पान वरून पडलेलं कमी धरतं.

म्हणून माझ्या मते या कामातला मोठा वेळ भिंतीवर नाही, वाफ्यावर जायला हवा. मी सकाळी सातला सुरुवात केली, मुद्दाम ढगाळ दिवस बघून, आणि पहिला पाऊण तास फक्त पाणी घालत होते. बागेच्या साध्या पाइपाने. लोकांना वाटतं मशीन आणलंय म्हणजे त्यानेच सगळं करू, पण घरगुती इलेक्ट्रिक वॉशर मिनिटाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी सोडतो, जोर असतो पण पाणी थोडं. नळाचा जोर बरा असेल तर साधा पाइप सहज तीस लिटर देतो. झाडांना पाणी हवंय, जोर नकोय. वॉशरचा फवारा वाफ्याकडे वळवला तर पानं फाटतातच, वरची मल्च, म्हणजे मातीवर पसरलेला लाकडाच्या तुकड्यांचा थर, उडून भिंतीवर बसते आणि अझेलियासारख्यांची वरवरची मुळं उघडी पडतात, मग धुतलं काय आणि कशाला असं होतं.

आई या वर्षी आली आहे, चिपळूणहून. ती डेकवरून बघत होती. मी हायड्रेंजियावर टाकायला प्लास्टिकचा मोठा कागद काढला तर म्हणाली, "अगं, प्लास्टिक नको घालूस, आत उकडून मरेल ते. थांब." आणि आत जाऊन तिचं एक जुनं सुती पातळ घेऊन आली. ते बादलीत बुडवून, पिळून, आम्ही दोघींनी झुडपावर पांघरलं आणि कपड्याच्या चिमट्यांनी खाली अडकवलं. तिचं बरोबरच होतं, ऊन आलं की प्लास्टिकखाली अर्ध्या तासात भट्टी होते, सुती कापडातून हवा जाते. तिने मला आठवण करून दिली की आमच्या घरी पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलं की गणपतीआधी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचे, पण मागच्या दारी अळवाच्या बाजूला आजी कुणाला पावडर नेऊ द्यायची नाही, तिकडे नुसता खराटा आणि पाणी. एवढी वर्षं मी ते बघितलंय आणि इथे येऊन विसरले होते. तुळस, कढीपत्ता, गवती चहा यांच्या कुंड्या तर सरळ उचलून गॅरेजच्या पलीकडे नेल्या, मे महिन्याच्या मध्यावर थंडी गेल्यावर नुकत्याच बाहेर काढल्या होत्या आणि यातलं पान पोटात जाणार आहे, तिथे प्रयोग नको.

आता भिंत. सगळ्या भिंतीला ब्लीच लागतच नाही हो. हलक्या हिरवटपणाला पांढरं व्हिनेगर तीस टक्के आणि पाणी सत्तर टक्के पुरतं, विनाइल साइडिंगवाले स्वतः हेच प्रमाण सांगतात. मी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ते लावलं, खालून वर, कारण वरून लावलं की कोरड्या पट्ट्यांवर ओघळांच्या रेषा उमटतात आणि त्या जाता जात नाहीत. दहा फुटांचा एकेक भाग, वाळू न देता लगेच धुवायचा, धुताना मात्र वरून खाली. व्हिनेगरनेही पान पिवळं पडू शकतं त्यामुळे भिंत धुवून झाली की लगेच खालचा वाफा परत पाण्याने धुवायचा. फक्त नळाच्या मागे आणि खिडकीखाली काळी बुरशी हटत नव्हती तिथे ब्लीच वापरलं, व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यावर, वेगळ्या बादलीत, वेगळ्या ब्रशने. ही दोन एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियावाल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. ब्लीचच्या दिवशी दुसरी बाटली बाहेर आणूच नका, मी हे अगदी हात जोडून सांगतेय.

मशीन लावलं ते शेवटी, फक्त खंगाळायला. नोझलचे रंग असतात ना, लाल शून्य अंशाचं, पिवळं पंधरा, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस. लाल तर डब्यातून बाहेरच काढू नका, एका जागी धरलं तर विनाइल चिरेल. मी पांढरं लावलं, तीन-चार फुटांवरून, फवारा सरळ किंवा थोडा खाली झुकलेला, वर कधीच नाही. दुसऱ्या मजल्यासाठी शिडीवर चढून मशीन चालवणं धोक्याचं आहे, त्याच्या धक्क्याने तोल जातो, तिथे मी लांब दांड्याचा ब्रश आणि साधा पाइप एवढंच केलं आणि पुरलं. बाहेरचे प्लग, ड्रायरचं तोंड, छताखालच्या जाळ्या यांच्याकडे फवारा जाऊ द्यायचा नाही. आणि घर 1978 च्या आधीचं असून लाकडी भिंतीला जुना रंग असेल तर प्रेशर वॉशर लावूच नका, त्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याच्या खपल्या उडून नेमक्या त्याच वाफ्यात पडतात जिथे मुलं माती खेळतात.

साडेअकराला भिंत झाली. मग परत वीस मिनिटं नुसतं झाडांना पाणी, पानांच्या वरून आणि खालून, आणि मुळाशी. गटाराकडे जाणारं पाणी मी मधे लॉनकडे वळवलं होतं, इथलं रस्त्याकडेचं गटार बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता सरळ ओढ्यात जातं.

पातळ काढलं तेव्हा त्यावर नाण्याएवढे पांढरे डाग पडले होते, सात-आठ तरी. खिडकीखाली मी वाटीभर ब्लीच ब्रशने लावलं होतं, एवढी काळजी घेऊन, तरी इतके थेंब उडाले होते आणि ते सगळे पानांवर पडले असते. आईने ते पातळ उचलून उजेडात धरलं, "जाऊ दे, जुनंच होतं," म्हणाली, पण मला ते बघून पोटात कसंतरी झालं. आज आठ दिवस झाले, हायड्रेंजियाचं एक पान करपलेलं नाही, कळ्या हिरव्या टंच आहेत.

एक गोष्ट मात्र धुऊन गेली नाही. पुढच्या भिंतीवर वाफ्याच्या वर चार-पाच फुटांपर्यंत डांबराचे शिंतोडे उडावेत तसे काळे बारीक ठिपके आहेत, मी आधी त्यांना किड्यांची घाण समजत होते. ती आर्टिलरी फंगस, लाकडाच्या मल्चमध्ये वाढणारी बुरशी. वसंतात आणि शरदात, थंड ओल्या हवेत, तोफेचा गोळा सोडावा तसे तिचे बीजाणूंचे गोळे उजेडाच्या दिशेने उडवते, वीस फुटांपर्यंत सुद्धा, आणि फिक्या रंगाची भिंत उजेड परतवते म्हणून नेमके तिथे जाऊन चिकटतात. वाळले की प्रेशरने निघत नाहीत, प्लास्टिकच्या कार्डाने एकेक खरवडावा लागतो आणि तरी डाग राहतो. म्हणजे तिथे भिंत घासून उपयोग नाही, दुखणं वाफ्यात आहे. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधनात मल्चमध्ये चाळीस टक्के मशरूम कंपोस्ट, म्हणजे अळंबी पिकवून उरलेलं खत, मिसळलं तर ही बुरशी दबते असं आढळलंय, आणि पाइनच्या सालीच्या मोठ्या तुकड्यांवर ती कमी येते.

तर येत्या रविवारी पुढच्या वाफ्यातली जुनी मल्च काढायची, नवी दोन-तीन इंचच घालायची, साइडिंगच्या खाली पायाची सहा इंच भिंत उघडी ठेवून, आणि भिंतीला टेकलेली बॉक्सवुडची झुडपं दीड फूट मागे छाटायची म्हणजे मधून वारा खेळेल. पाइनच्या सालीची बारा पोती सांगून ठेवली आहेत. आईने विचारलंय की निघालेली जुनी मल्च मागच्या कुंपणाजवळ अळूखाली घालू का, तिथे जवळपास भिंत नाही, तर मी हो म्हटलंय.