तुम्ही विचारलंत म्हणून: पौल ख्रिश्चन नेमका कधी झाला?

बायबलच्या इतिहासावर कुठेही चार शब्द बोलले की कोणीतरी हमखास विचारतंच, पौल ज्यू होता ना, मग तो ख्रिश्चन कधी झाला? (पौल म्हणजे येशूचा संदेश गावोगावी नेणारा पहिल्या शतकातला प्रचारक, बायबलमधली बरीच पत्रं त्याची.) विचारणाऱ्याच्या डोक्यात दमास्कसच्या वाटेवरचा तो लख्ख प्रकाश असतो, ज्यात पौलाला येशूचं दर्शन झालं असं सांगतात, आणि मी तेच सांगेन असं त्याला वाटत असतं. पण त्या प्रसंगानंतर वीसेक वर्षांनी रोमकरांना लिहिताना हाच माणूस ठणकावून सांगतोय की मी इस्राएली आहे, अब्राहामाच्या वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला. 'होतो' नाही, 'आहे'. त्यामुळे धर्म बदलल्याची तारीख शोधत बसू नका, मिळणार नाही.

माझं म्हणाल तर खरी भानगड जेवणाच्या पंगतीत आहे. बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. सीरियातल्या अंत्युखिया शहरात येशूवर विश्वास ठेवणारे ज्यू आणि परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले, एकत्र जेवत होते, येशूचा शिष्य पेत्रसुद्धा त्यांच्यात बसायचा. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू बाजूला सरकला, त्याचं बघून बाकीचे ज्यूही उठले, आणि बर्णबा, जो पौलाचा इतका जवळचा सोबती, तोही त्यांच्यातच गेला. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला झापलं. गंमत म्हणजे पानात काय वाढलं होतं हे पौल सांगतच नाही, शेजारी कोण बसलंय एवढंच त्याला महत्त्वाचं. पंक्तिभेद काय असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

आता पेत्राला भित्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण जरा थांबा. इ.स.पू. 167 मध्ये ज्यूंवर राज्य करणाऱ्या अंतियोखस चौथा या ग्रीक राजाने सुंतेवर बंदी घातली होती, आणि मुलांची सुंता केली म्हणून आयांना ठार मारलं होतं. सुंता, खाण्यापिण्याचे नियम अशा ज्या खुणांसाठी आपल्या माणसांनी जीव दिलेत त्या कोणी उद्या सोडा म्हणालं तर लोक बिथरणारच ना. पेत्राने काय उत्तर दिलं तेही पौल लिहीत नाही, आणि मला विचाराल तर त्या दिवशी पौल हरला असावा, जिंकला असता तर सांगितल्याशिवाय राहिला नसता, स्वभावच तसा त्याचा.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिताना तर पौल आणखी पुढे जातो. तिथली मंडळी बहुतेक बिगर-ज्यू, मूर्तिपूजा करत वाढलेली, आणि हा त्यांना मोशेबरोबर इजिप्तमधून निघून समुद्र ओलांडणाऱ्या इस्राएलींची गोष्ट सांगताना बिनधास्त म्हणतो 'आपले पूर्वज'. अहो कुठले पूर्वज, त्यांच्या आजोबांनी मोशेचं नावही ऐकलं नसेल! आणि थोडं पुढे त्यांनाच 'तुम्ही परराष्ट्रीय होता तेव्हा' असंही म्हणतो, म्हणजे आता नाही. सुंता नाही, ज्यू झालेले नाहीत, तरी खापरपणजोबा मात्र ज्यूंचे मिळाले. नवा समाज उभा राहत होता तो असा, दुसऱ्याच्या वंशावळीत जागा करून, आणि यातून पुढे किती कटू भांडणं झाली (ज्यूंना कोणी विचारलंच नव्हतं म्हणा) तो वेगळा विषय.

बरं, पूर्वज एक झाले म्हणून पंगत एक झाली का, तर तेही नाही. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणाची, तक्रार आहे, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन टाइट, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मान खाली घालावी लागतेय. इथे आडवी आली ती जात-वंश नाही, खिसा आला. पौल चिडतो, एकमेकांसाठी थांबा म्हणतो, आणि वर म्हणतो भूक लागली असेल तर घरी खाऊन या. हा तोडगा मला कधीच पटला नाही, कारण ज्याच्या घरी खायला आहे तोच खाऊन येणार, आणि जो उपाशी येतोय त्याने काय करायचं ते पौलाने लिहिलेलंच नाही.