खो-खोच्या मुलींचा फुटबॉल संघ

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या क्वार्टर फायनलला आमच्या मुलींसमोर शहरातलं एक नावाजलेलं कॉलेज आलं. त्यांच्या संघातल्या निम्म्याहून जास्त मुली शाळेपासून क्लबात खेळलेल्या. आमच्या चौदा जणींत फुटबॉल खेळतच कॉलेजात आलेल्या फक्त दोन. बाकीच्या गोळा केलेल्या. पुण्यातल्या कॉलेजांच्या जिमखान्यात ज्यांनी काम केलंय त्यांना हे नवं नाही. मुलींचा फुटबॉल संघ उभा करायचा म्हटलं की खो-खो, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्सच्या मुलींना विनंती करावी लागते. हॉस्टेलवर जाऊन मेसच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींना विचारावं लागतं.

तर माझ्याकडे होत्या खो-खोच्या तिघी, साताऱ्याकडच्या दोन आणि धाराशिवची एक. कबड्डीत उजवा कोपरा सांभाळणारी एक दणकट मुलगी. शंभर-दोनशे मीटर पळणाऱ्या दोघी. गोलमध्ये हँडबॉलची खेळाडू. आणि मैत्रीण आली म्हणून आलेल्या काही जणी, ज्यांचा मला फार आधार वाटायचा, कारण त्या एकही सराव चुकवत नसत.

फुटबॉलच्या दोघींपैकी एक आमची कॅप्टन. तिसऱ्या वर्षाला होती, दोन्ही पायांनी खेळणारी मिडफिल्डर. लहानपणी वडिलांबरोबर बालेवाडीला आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, सामने बघायची. २०१७-१८ मध्ये पुणे सिटीचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तो हंगाम तिला पाठ आहे. पण तिचं खरं दैवत बार्सिलोना. आदल्या वर्षीच्या आमच्या संघात पायात बॉल ठेवणाऱ्या पाच-सहा जणी होत्या, त्यामुळे छोटे पास देत मागून खेळ बांधायची पद्धत त्यांना जमायची. त्या सगळ्या पदवी घेऊन गेल्या. कॅप्टनला मात्र तोच खेळ हवा होता.

मला जे दिसलं ते एका साध्या सरावात दिसलं. पाच जणी वर्तुळात उभ्या राहून एकमेकींना पास देतात, मधली एक तो अडवते. आमच्या मुलींचा तिसरा-चौथा पास हमखास बिघडायचा आणि सगळ्यांचं लक्ष त्या बिघडलेल्या पासकडे जायचं. मी मधल्या मुलीकडे बघत राहिले. धाराशिवची मुलगी मध्ये आली की बॉल दोन पासांत जायचा. बाहेर कॅप्टन असली तरी जायचा.

का, ते मी तिलाच विचारलं. तिनं सांगितलेलं मला अजून आठवतं. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही. म्हणून ती निघायच्या आधीच ठरवते की समोरचीला कुठल्या बाजूला जाऊ द्यायचं नाही. फुटबॉलमध्ये प्रेस करताना, म्हणजे बॉल असलेल्या खेळाडूवर धावून जाऊन तो हिसकावताना, नेमकं हेच शिकवताना प्रशिक्षकांचे महिने जातात. नवखी खेळाडू सरळ बॉलवर धावते आणि तिच्या बाजूनं सहज पास निघून जातो. ही मुलगी धावतानाच पासची वाट बंद करत होती आणि ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळेच्या संघानं दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हा या तिघींनी हॉस्टेल डोक्यावर घेतलं होतं. पण आपल्या खेळातलं हे कसब दुसऱ्या मैदानावर इतकं मोलाचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी पद्धत ठरवली ती तिथून. बॉल आपल्याकडे कमी वेळ राहिला तरी चालेल. समोरच्यांच्या बचावात तो हिसकावायचा आणि दोन-तीन पासांत गोलकडे जायचं.

कॅप्टन नाराज झाली. "मॅडम, हा फुटबॉल नाही, पळापळी आहे," असं ती सरळ म्हणाली. तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही, म्हणून मी तिला बसवून बोलले. बार्सिलोनाचा तो खेळ आभाळातून पडला नव्हता. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑरसाठी २०१० मध्ये शेवटी उरलेले तिघेही, मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, त्यांच्या ला मासिया अकादमीत वाढलेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवांतेविरुद्ध तर एक वेळ अशी आली की मैदानावरचे अकराच्या अकरा त्याच अकादमीतले होते. पोरवयापासून एकच भाषा बोलणारी ती मुलं. तिला मी आपल्याकडचाही दाखला दिला. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा, जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. त्यानं सेमी फायनलमध्येही गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्येही. भारतानं २-१ नं सुवर्णपदक घेतलं. हाताशी काय आहे ते बघून रहीमसाहेबांनी संघ मांडला होता.

"मग या मुली पासिंग कधी शिकणार?" तिचा हा प्रश्न मला फार आवडला. बारा वर्षांच्या मुली माझ्याकडे असत्या तर मी उलटं केलं असतं. हरलो तरी चालेल, पण प्रत्येकीच्या पायात बॉल राहिला पाहिजे, असंच म्हटलं असतं. लहान मुलांच्या संघाला नुसतं पळवून आणि लांब मारायला लावून करंडक जिंकणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि त्यांचा मला राग येतो. पण कॉलेजच्या मुली माझ्याकडे एका हंगामात काही महिने असतात. तरी प्रत्येक सरावाचा अर्धा वेळ आम्ही पासिंगला दिलाच.

कबड्डीच्या मुलीनं बाकीच्यांना एक गोष्ट शिकवली, जी माझ्या तोंडून त्यांना पटली नसती. पकड एकटीनं घ्यायला गेलं की गुण जातो, आणि एक गेली की साखळीतल्या सगळ्यांनी त्याच क्षणी यायचं. फुटबॉलमध्ये पुढच्या दोघी प्रेस करायला धावल्या आणि मागची फळी जागेवरच राहिली, तर मधल्या मोकळ्या जागेत समोरचा संघ हवं ते करतो. तिला हे दोनदा सांगावं लागलं नाही. बचावाची फळी वर आणायचं काम मी तिच्यावर सोपवलं. उंचावरून आलेल्या बॉलला हेडर मारायला मात्र ती बिचकायची, आणि तो धोका मला ठाऊक होता.

क्वार्टर फायनलला समोर येणाऱ्या त्या कॉलेजचा आधीचा सामना मी वहीत टिपून घेतला होता. त्यांची गोलकीपर कधी लांब मारत नव्हती, प्रत्येक वेळी डाव्या स्टॉपरला देत होती. ती स्टॉपर उजव्या पायाची, त्यामुळे बॉल घेतला की आत वळायची आणि त्यांची उत्तम मिडफिल्डर तिथे मोकळी मिळायची. आम्ही ठरवलं की डाव्या स्टॉपरला बॉल मिळू द्यायचा, पण आतली बाजू बंद करून धावायचं. मग तिला डाव्या पायानं टचलाइनकडेच, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडेच, खेळावं लागणार, आणि तिथे आमची दुसरी मुलगी तयार.

सामना सकाळचा होता. मैदान कडक, मातीचं, मध्ये तुरळक गवत. अशा मैदानावर बॉल उसळतो आणि पहिला टच बिघडतो, म्हणजे आमच्या फायद्याचंच.

पहिल्या दहा मिनिटांत जे झालं ते मी इतक्या वर्षांत कॉलेजच्या सामन्यात पाहिलं नव्हतं. त्यांना आपल्या अर्ध्यातून बाहेरच येता येईना. आमची पहिली मुलगी चुकवली गेली की ती ओरडायची "खो!", आणि त्याच क्षणी दुसरी सुटायची. हे मी शिकवलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनी सुरू केलं. रेफ्रीनं खेळ थांबल्यावर कॅप्टनला बोलावून विचारलं, हे काय चाललंय? प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडवायला ओरडणं नियमात बसत नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. कॅप्टननं समजावून सांगितलं की हा आमचा आपसातला इशारा आहे. त्यांनी मान डोलावली.

गोल तसाच आला. डाव्या स्टॉपरनं आत वळायचं म्हणून पाऊल टाकलं, तर आत धाराशिवची मुलगी. घाईत टचलाइनकडे दिलेला पास साताऱ्याच्या मुलीनं मध्येच उचलला, कॅप्टनकडे एकच पास, कॅप्टनचा एकच टच पुढे, आणि आमची दोनशे मीटरवाली एकटी गोलकीपरसमोर. १-० .

इंटरव्हलनंतर त्यांच्या प्रशिक्षकांनी डाव बदलला. मला त्यांचं कौतुक वाटतं, कारण आपली आवडती पद्धत अर्ध्या सामन्यात सोडायला हिंमत लागते. गोलकीपर लांब मारू लागली, थेट आमच्या वर आलेल्या फळीच्या डोक्यावरून. वीसेक मिनिटांत त्यांच्या उंच फॉरवर्डनं आमच्या कबड्डीवालीच्या डोक्यावरून हेडर मारून बरोबरी केली. मग त्यांनी आणखी हुशारी केली. त्या मागे सरकल्या आणि बॉल आम्हाला देऊन टाकला. घ्या, खेळा. हिसकावण्यावर जगणाऱ्या संघापुढे बॉलच आणून ठेवला की त्याला काय करायचं ते कळत नाही. आमच्या मुली बॉल घेऊन थबकल्या, मग उगाच पुढे मारू लागल्या.

कॅप्टनला मी हाक मारली आणि स्टॉपरच्या पुढ्यात खाली खेळायला सांगितलं. प्रत्येक बॉल आधी तिच्याकडे, आणि खो-खोच्या तिघी रुंद पसरून पळत राहणार. उरलेला सामना ती जे खेळली, त्यासाठी मी तिच्या घरच्यांना फोन करून सांगितलं की मुलीला सांभाळा, फार गुणी आहे. थांबायची, समोरच्या दोघींना स्वतःकडे ओढायची, आणि मग मोकळ्या मुलीच्या पुढ्यात बॉल ठेवायची. तिला हवा असलेला फुटबॉल ती खेळत होती, आणि बाकीच्या नऊ जणी तिच्यासाठी पळत होत्या. दोन्ही गोष्टी एका संघात बसू शकतात हे तिलाही तेव्हा दिसलं असावं, कारण ती पहिल्यांदाच स्वतः "खो" ओरडली.

जिंकवणारा गोल मात्र देखणा नव्हता. त्यांचा कॉर्नर आमच्या गोलकीपरनं वरच्या वर पकडला. हँडबॉलच्या मुलीचा हात तो. तिथूनच तिनं फेकलेला बॉल थेट हाफलाइनजवळ टचलाइनला, धाराशिवच्या मुलीच्या पुढ्यात. ती अजून आमच्याच अर्ध्यात होती, त्यामुळे ऑफसाइडचा प्रश्न नव्हता. त्यांच्या बहुतेक सगळ्या जणी वर आलेल्या. तिचा क्रॉस एका पायाला लागला, गोलकीपरच्या हातून सुटला, आणि नुसती मैत्रिणीसोबत संघात आलेली आमची बदली खेळाडू, जिनं तोवर एकही गोल केला नव्हता, तिच्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला. २-१.

दुसऱ्या दिवशी सेमी फायनल होती आणि आम्ही ३-० नं हरलो. त्यात सांगण्यासारखं एवढंच की पाय उरले नव्हते. पहिली मुलगी चुकवली गेली की दुसरी सुटायला उशीर होऊ लागला, आणि अशा खेळात अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे मागे मोकळं मैदान. लेस्टर सिटीनं २०१५-१६ मध्ये बॉल समोरच्याला देऊन आणि फॉरवर्ड वार्डीच्या वेगावर इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, त्या गोष्टीत एक भाग लोक सांगत नाहीत. त्यांना युरोपातल्या स्पर्धा नव्हत्या, दोन्ही देशी चषकांतून ते जानेवारीपर्यंतच बाहेर पडले होते, त्यामुळे पायांना विश्रांती मिळत होती. त्या संघात मैदानभर बॉल हिसकावणारा कांते पुढच्या हंगामाआधी चेल्सीला गेला, आणि लेस्टर बाराव्या क्रमांकावर राहिलं. आमच्याकडे चौदा जणी आणि लागोपाठच्या दिवशी सामने. ही पद्धत आम्हाला एक सामना पुरली.

यंदा कॅप्टन गेली, हँडबॉलची मुलगीही गेली. कोल्हापूरहून दोघी आल्यात. तिथे पेठापेठांतून फुटबॉल अंगात भिनलेला असतो आणि ते त्यांच्या पहिल्या टचमध्ये दिसतं. खो-खोच्या दोघी अजून आहेत. तेव्हा मागच्या वर्षीचा खेळ जसाच्या तसा यंदा खेळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी मुलींना सांगितलं. बॉल जास्त वेळ आपल्याकडे राहील, प्रेस निवडक वेळीच होईल, आणि मागची फळी थोडी खाली राहील. कबड्डीच्या मुलीचं हेडिंग आता बरंच सुधारलंय. रोज सराव संपल्यावर ती कोल्हापूरच्या एकीला क्रॉस मारायला लावते. गोलमध्ये कोण, ते ठरायचंय. हँडबॉलच्या सरांकडे मी शब्द टाकलाय.