कच्चा लिंबू

काल दुपारी गाडीच्या मागच्या काचेवरचा लाल एल खरवडायला बसले. खोबरेल तेल, एक बाद झालेलं एटीएम कार्ड आणि उजव्या हाताची नखं एवढी सामग्री. लेक कधीची मागे लागली आहे, "आई, लायसन मिळून किती वर्षं झाली, आता तरी काढ ते!" तिला कसली लाज वाटते कोण जाणे. एलचा लाल रंग उन्हानं गुलाबी झालाय, आडवा पाय गळून गेलाय, आता नुसता दांडा उरलाय.

कच्चं लायसन म्हटलं की मला पुढे लिंबूच आठवतो. वाईच्या घरामागच्या अंगणात आम्ही सात-आठ भावंडं विषामृत खेळायचो. मी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे कायमची कच्चा लिंबू. माझ्यावर राज्य यायचं नाही, मला कोणी विष द्यायचं नाही. सगळे जिवाच्या आकांतानं पळायचे आणि मी त्यांच्यामधून फ्रॉकच्या खिशातले फुटाणे खात हिंडायचे. एकदा दादाला विष मिळालं आणि तो पडवीच्या खांबाजवळ एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत थिजला. तेवढ्यात कोणाच्या तरी आईनं हाक मारली, दुसरीच्या आजोबांनी हाक मारली, खेळ मोडला. दादा मात्र तसाच उभा. दिवे लागले तरी उभा. मी जाऊन त्याच्या पाठीला हात लावला, "अमृत!" म्हटलं. तर ओठ न हलवता म्हणतो, "तू कच्चा लिंबू आहेस. तुझं धरत नाहीत." शेवटी आईनं उलथनं दाखवल्यावर तो हलला. त्या रात्री मी जेवले नाही म्हणतात. मला वाटतं, जेवले असेन.

पन्नाशी उलटल्यावर मला गाडी शिकायची हुक्की आली. २० फेब्रुवारी २०२० ला कच्चं लायसन हातात पडलं. तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, म्हणून जरा मोजूनमापून तारीख घेतली, २४ मार्च, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला स्वतः गाडी चालवत वाईला जायचं आणि दादाच्या दारात हॉर्न वाजवायचा, असा सगळा बेत होता.

२४ मार्चला मी घरात होते. तुम्हीही होतात.

पुढे सरकारनं कागदपत्रांची मुदत वाढवली ती ३० जूनपर्यंत. मग ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर, मग २०२१ चा ३१ मार्च, पुन्हा ३० जून, पुन्हा ३० सप्टेंबर, शेवटी ३१ ऑक्टोबर. सहा महिन्यांचं माझं कच्चं लायसन त्या लाटांवर लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगत राहिलं. टेस्ट सुरू झाल्या, पण रोज मोजकीच माणसं घ्यायचे. संकेतस्थळावर सगळ्या तारखा लाल. हिरवी एखादी दिसली तर ओटीपी येईपर्यंत तीही लाल. नोव्हेंबरातली एक मिळाली, तर आदल्या रात्री सासूबाईंना ताप. पुढची मिळाली ती थेट १६ एप्रिल २०२१ ची. १४ तारखेला रात्री आठपासून पुन्हा सगळं बंद.

खरं सांगू? दर वेळी तारीख हुकली की चुकचुकायची मी, पण आतून हुश्श व्हायचं. टेस्टच नाही म्हणजे नापासही नाही. आणि वाट पाहणं आमच्या रक्तातच आहे. बाबांनी बजाजची स्कूटर नोंदवली तेव्हा दादा पाळण्यात होता आणि नंबर लागला तेव्हा तो पुढे उभं राहण्याइतकाही लहान उरला नव्हता. ती जागा मला मिळाली. त्याचा राग त्याला अजून आहे.

सराव म्हणून नवरा शेजारी बसायचा. रिकामे रस्ते, तरी डाव्या हातानं वरची मूठ घट्ट धरलेली आणि उजवा पाय पायपोसावर दाबलेला. जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक मारणारी माणसं मला सहन होत नाहीत. पायपोसाला त्या जागी भोक पडलंय, कोणीही येऊन बघावं.

एप्रिल संपता संपता दादाला साताऱ्याला दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन लावला होता. वहिनी फोनवर नुसते आकडे सांगायची. ब्याण्णव. एकोणनव्वद. दुपारी पुन्हा ब्याण्णव. मधे जिल्ह्याची हद्द, तिला ई-पास. आणि कच्च्या लायसनवर शेजारी पक्का माणूस लागतो. आमचा पक्का माणूस आतल्या खोलीत दार लावून खोकत होता, मी त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवत होते. गाडीची किल्ली फ्रीजशेजारच्या खिळ्याला. जाऊन तरी काय करणार होते, आत कोणाला सोडत नव्हते. तरी दिवसातून चार वेळा मी ती किल्ली खिळ्यावरून काढायची आणि परत अडकवायची.

एकोणीस दिवसांनी दादा घरी आला.

जूनमध्ये कच्च्या लायसनची परीक्षा घरबसल्या देता यायला लागली. लेकीनं ती जेवणाच्या टेबलावर, एका हातानं मॅगी खात दिली आणि पास झाली. मी तिच्याशी दोन दिवस तुटक बोलत होते.

माझी टेस्ट ऑगस्टात झाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना फोन केला, तर म्हणाले, "येतो मॅडम, पण गाडीत माल आहे." शिकवण्या बंद पडल्यापासून सर त्याच गाडीतून भाजी विकत होते. टपावर स्कूलची पाटी तशीच, शिक्षकाच्या पायापाशी जादा क्लच-ब्रेक तसेच आणि मागच्या सीटवर बटाट्याचं पोतं, मेथीच्या जुड्या, वर ओलं गोणपाट. तराजू डिकीत. साहेब काचेबाहेर मास्क लावून उभे. "रिव्हर्स घ्या." मी मान वळवली तर मागच्या काचेत मेथीच मेथी. आरशात बघून घेतला, देवाचं नाव घेऊन. चढावर हाफ क्लच धरला तेव्हा एक बटाटा सुटून गडगडत पुढे आला आणि माझ्या सीटखाली थांबला. गाडी मात्र मागे गेली नाही. साहेबांनी कागदावर टिक केली आणि खाली वाकून सरांना विचारलं, "मेथी कशी दिली?"

सप्टेंबरात एकटी वाईला गेले. खंबाटकीच्या चढाला पुढे उसाचा रस काढायच्या चरकासारखा आवाज करणारा एक ट्रक, मागे एसटी. पण एसटीवाल्यानं काचेवरचा एल पाहिला असावा, कारण त्यानं एकदाही हॉर्न दिला नाही. सुरूर फाट्यावर वळले, तळव्यांचा घाम साडीला पुसला.

दादा दारात उभा होता. पँट पट्ट्यानं आवळून बांधलेली, शर्टात आणखी एक माणूस मावला असता. गाडी मी भिंतीपासून हातभर लांब आणि तिरकी लावली. उतरून त्याच्या पाठीला हात लावला. मणका न् मणका हाताला लागला. त्यानं माझ्या खांद्यावरून मागच्या काचेकडे पाहिलं.

"अजून एल आहे," म्हणाला. "धरत नाहीत."

पर्समधून कार्ड काढून नाकासमोर धरलं, तर चष्मा आत राहिलाय म्हणाला.

काल खोबरेलाची बाटली संपली. दांडा काही निघाला नाही.